पेशी विभागताना गॉल्गी कसं विस्कटतं: हीला पेशींवर टप्प्याटप्प्यानं पाहण्याची पद्धत

हीला पेशीचं (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगपेशींचा हा एक वाण) गॉल्गी संकुल एरवी केंद्रकाला लागून, सेंट्रोसोमभोवती (सूक्ष्मनलिका जिथून निघतात त्या केंद्राभोवती), सलग पट्ट्यासारखं बसलेलं असतं. चपट्या कुंड्यांच्या, म्हणजे पडद्याच्या पोकळ थैल्यांच्या, चळती आणि शेजारच्या चळतींना जोडणाऱ्या बारीक नळ्या, असा हा पट्टा. पेशी विभागायला निघाली की आधी या नळ्या तुटतात, मग चळती सुटतात, मग कुंडे पीटिकांत, म्हणजे पडद्याच्या इवल्या गोळ्यांत, विरतात. कन्यापेशी वेगळ्या होत असतानाच दोन्हींत नवा पट्टा उभा राहायलाही लागलेला असतो.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हा प्रयोग घेता येतो. मुंबईत कलिना, पवई, परळ, कुलाबा आणि नवी मुंबईत खारघर अशा ठिकाणी पेशीसंवर्धनाची सोय आहे आणि प्रयत्न केला तर कॉन्फोकलवर (पेशीचे पातळ काप टिपणाऱ्या लेझर मायक्रोस्कोपवर) वेळही मिळतो. पण विखुरलेलं गॉल्गी दिसलं की पेशी विभागतेय असं मानून मोकळं व्हायची सवय फार आहे, आणि ती प्रयोग वाया घालवते. गॉल्गी विखुरण्याची कारणं अनेक आहेत. म्हणून प्रयोगाची रचना अशी हवी की विभाजनामुळे झालेली तूट आणि इतर कुठल्याही कारणानं झालेली तूट एकमेकींत मिसळणारच नाही. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

बारावीला कांद्याच्या मुळाची टोकं ठेचून विभाजनाच्या अवस्था पाहिलेल्या असतात, त्यामुळे तीच पद्धत इथं वापरावी असं काहींना वाटतं. त्याचा उपयोग नाही. वनस्पतिपेशीत गॉल्गी मुळातच सुट्या चळतींच्या रूपात पेशीभर पसरलेलं असतं आणि विभाजनातही त्या चळती शाबूत राहतात. यीस्टमध्येही ते असं विरत नाही. तेव्हा पट्टा असलेली सस्तन प्राण्याची पेशीच हवी.

आधी यंत्रणा: तुटी तीन, कारणं वेगळी

पहिली तूट जी२ टप्प्यात होते (डीएनएची नक्कल होते तो एस टप्पा आणि विभाजन यांच्या मधला टप्पा), केंद्रकावरण पूर्ण शाबूत असताना. चळतींमधल्या नळ्या तुटून पट्ट्याच्या सुट्या चळती होतात. त्यात मेक१ आणि ईआरके या कायनेजांची (फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांची) साखळी ग्रास्प५५ या गॉल्गीच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवते, जेएनके२ या कायनेजचं लक्ष्य ग्रास्प६५ हे प्रथिन असतं, आणि नळ्या प्रत्यक्ष कापण्यात बार्स नावाचं प्रथिन भाग घेतं. अडचण अशी की सुट्या झालेल्या चळती जागच्या जागीच, एकमेकींना लागून राहतात. त्यामुळे साध्या फ्लुरोसन्सखाली जी२ चं गॉल्गी आणि एस टप्प्यातलं गॉल्गी जवळपास सारखंच दिसतं. ही तूट चित्रावरून सिद्ध होत नाही. तिला फ्रॅपच (लेझरनं एक भाग विझवून तो पुन्हा उजळतो का ते पाहणं) लागतं. ते पुढे येतंच.

ही पहिली तूट बिनमहत्त्वाची अजिबात नाही. विवेक मल्होत्रा यांच्या गटानं २००२ साली दाखवलं की ग्रास्प६५ ला अडवणारी अँटीबॉडी पेशीत टोचून गॉल्गी तुटू दिलं नाही तर पेशी विभाजनात शिरतच नाही. पट्टा न तुटल्यास सेंट्रोसोमवर ऑरोरा-ए हे कायनेज पुरेसं जमत नाही आणि पेशी जी२ लाच रेंगाळते, हे त्यानंतर पुढे आलं.

दुसरी तूट पूर्वावस्थेत. ग्रास्प६५ चे रेणू समोरासमोरच्या कुंड्यांवरून एकमेकांना धरून असतात. सीडीके१-सायक्लिन बी आणि पीएलके१ या दोन कायनेजांनी त्यांच्यावर फॉस्फेट चढवले की ती पकड सुटते आणि चळत उलगडते.

तिसरी तूट म्हणजे कुंड्यांचं पीटिकांत विरणं. जीएम१३० या प्रथिनाच्या २५ व्या जागी असलेल्या सेरीनवर सीडीके१ फॉस्फेट लावतं. त्या जागेजवळच पी११५ हे प्रथिन येऊन बसतं आणि येणाऱ्या पीटिकांना कुंड्यापाशी बांधून धरतं. फॉस्फेट लागल्यावर पी११५ ला तिथं बसता येत नाही. कुंड्यांवरून सुमारे ५० ते ६० नॅनोमीटरच्या, कॉपी-१ प्रथिनांचं आवरण असलेल्या पीटिका सुटत राहतात, पण परत जुळत नाहीत. जावक चालू आणि आवक बंद, त्यामुळे कुंडे झिजत जातात. १९९८ साली ग्रॅहम वॉरेन यांच्या गटानं ही सेरीन नेमकी शोधून काढली.

परतीच्या वाटेवर पीपी२ए नावाचं विकर हे फॉस्फेट काढतं, आणि पी९७ व एनएसएफ ही दोन प्रथिनं आपापल्या साथीदारांसह पडदे पुन्हा जुळवतात.

एक वाद माहीत असलेला बरा. मध्यावस्थेत गॉल्गीची विकरं वेगळ्या पीटिकांत राहतात की आंतर्द्रव्यजालिकेत मिसळून जातात, यावर १९९९ च्या सुमारास दोन बाजू ठामपणे उभ्या राहिल्या. साध्या कॉन्फोकलची सीमा २०० नॅनोमीटरच्या आसपास असल्यानं दोन्ही शक्यता एकसारख्याच धूसर दिसतात. तुमच्या चित्रातल्या धुक्यावरून या वादाचा निकाल देऊ नका; परीक्षक पहिला प्रश्न तिथंच विचारतात.

पेशी आणि कव्हरस्लिपा

हीला पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) पेशी-भांडारातून मिळतात. वितळवल्यावर दोन-तीनदा पसरवून मगच प्रयोगाला घ्या, आणि त्याआधी मायकोप्लाझ्माची (पेशीसंवर्धनात शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूंची) चाचणी करा. डॅपी (डीएनएला निळं उजळवणारा रंग) लावल्यावर केंद्रकाबाहेर बारीक निळे ठिपके दिसले तर तिथंच थांबा; मायकोप्लाझ्मा लागलेल्या पेशींची वाढ आणि पेशीचक्राचं वेळापत्रक दोन्ही बिघडतात.

मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) डीएमईएम, त्यात १० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत बुरशी चटकन शिरते, म्हणून जून ते सप्टेंबर इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदला आणि प्लेट बाहेर काढताना खोलीचा पंखा बंद ठेवा.

कव्हरस्लिप १२ मिलिमीटरची, क्रमांक १.५ ची, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीची. क्रमांक १ ची पातळ काच स्वस्त मिळते, पण ६३एक्स ऑइल लेन्स (तेल लावून वापरायची, ६३ पट मोठं दाखवणारी) ०.१७ साठी बनवलेली असते आणि जाडी चुकली की बारीक ठिपके फुगून दिसतात. इथं बारीक ठिपकेच मोजायचे आहेत.

काचेवर पॉली-एल-लायसिनचा थर हवाच. विभागणारी पेशी गोल होते आणि काचेला जेमतेम चिकटलेली असते. थर नसेल तर धुताना नेमक्या ज्या पेशी हव्यात त्याच वाहून जातात आणि पसरट, न विभागणाऱ्या पेशी मागे उरतात. ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणात काचा २० मिनिटं ठेवा, निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुवा, हूडमध्ये पूर्ण सुकवा. धुतलं नाही तर उरलेलं पॉली-लायसिन पेशींना मारक ठरतं.

चोवीस विहिरींच्या प्लेटमध्ये एका विहिरीत एक काच आणि ३०,००० पेशी टाका. फिक्स करताना पेशी निम्म्याच्या आसपास पसरलेल्या असाव्यात. दाटी झाली की पेशीचक्र मंदावतं.

वेळ जुळवणं

कुठल्याही क्षणी हीला पेशींपैकी फार थोड्याच विभाजनात असतात, बहुधा शंभरात चार-पाच. प्रत्येक अवस्थेच्या पुरेशा पेशी हव्या असतील तर त्यांना एका वेळेवर आणावं लागतं. त्याच्या दोन वाटा आहेत आणि दोन्हींचा उपयोग वेगळा.

पहिली वाट दुहेरी थायमिडीन अडवणुकीची. पेशींना एसच्या उंबरठ्यावर थांबवायचं, सोडायचं, पुन्हा थांबवायचं. २४२ मिलिग्रॅम थायमिडीन १० मिलिलिटर पाण्यात विरघळवलं की १०० मिलिमोलरचं द्रावण होतं. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि उणे २० अंशांत ठेवा. काढल्यावर तळाशी खडे दिसले तर ३७ अंशांवर गरम करून पूर्ण विरघळवा. एक मिलिलिटर मीडियमला २० मायक्रोलिटर टाकलं की २ मिलिमोलर होतं. लोकलच्या वेळा सांभाळून जमेल असा आठवडा असा लावता येतो:

रविवारी संध्याकाळी पेशी टाका. सोमवारी संध्याकाळी ५ ला थायमिडीन द्या. मंगळवारी सकाळी ९ ला गरम पीबीएसनं (फॉस्फेटयुक्त खारट द्रावणानं) दोनदा धुऊन नवं मीडियम द्या. मंगळवारी संध्याकाळी ५:३० ला पुन्हा थायमिडीन. बुधवारी सकाळी ९ ला पुन्हा धुऊन सोडा. त्यानंतर दुपारी ४ ला, म्हणजे ७ तासांनी, बहुतेक पेशी जी२ मध्ये असतात. संध्याकाळी ६ ते ७:३० च्या दरम्यान विभाजनाची लाट येते. काचा ० तासाला एक, मग ७, ८, ९, ९.५, १०, १०.५ आणि ११ तासांना एकेक अशा फिक्स करा. रात्री ८ ला काम संपतं.

प्रत्येक प्रयोगशाळेतल्या हीला पेशींचा वेग थोडा वेगळा असतो. पहिल्यांदा नुसत्या फेज-कॉन्ट्रास्टखाली दर अर्ध्या तासाला गोल पेशी मोजा आणि तुमची लाट कधी येते ते नोंदवा. लिहिलेल्या वेळेवर डोळे झाकून विसंबलात तर लाट चुकते आणि आठवडा हातचा जातो.

दुसरी वाट आरओ-३३०६ ची. हे सीडीके१ ला अडवतं आणि पेशी जी२ च्या शेवटाला साचतात. डीएमएसओ या द्रावकात ९ मिलिमोलरचं द्रावण करा, म्हणजे १ मिलिलिटरला ३.१६ मिलिग्रॅम, मीडियममध्ये हजारात एक प्रमाणात टाका आणि १६ ते १८ तास ठेवा. मग ३७ अंशांच्या मीडियमनं तीनदा झटपट धुवा. सोडल्यापासून ०, १५, ३०, ४५, ६०, ७५, ९० आणि १२० मिनिटांनी काचा फिक्स करा. पंधरा-वीस मिनिटांत केंद्रकावरण फुटायला लागतं, तासाच्या आसपास पश्चावस्था दिसू लागते. धुणं रेंगाळलं तर सगळ्या काचांच्या वेळा एकमेकींत शिरतात; म्हणून आठही काचा एकाच वेळी धुऊ नका, दोन-दोन घ्या आणि प्रत्येक जोडीचं घड्याळ वेगळं लावा. २० तासांपेक्षा जास्त ठेवलं तर बऱ्याच पेशी परत वाटेला लागत नाहीत.

दुसरी आणि तिसरी तूट तपशिलात पाहायची तर आरओ-३३०६ चांगलं, कारण मिनिटामिनिटाचा हिशेब मिळतो. जी२ मधल्या पहिल्या तुटीसाठी मात्र थायमिडीनच घ्या. आरओ-३३०६ मध्ये पेशी जी२ ला तासन्‌तास अडकून पडलेल्या असतात, त्यामुळे तूट नैसर्गिक वेळेवर झाली की अडकल्यामुळे, हे सांगता येत नाही.

नोकोडाझोल वापरू नका. विभाजनातल्या पेशी गोळा करायला ते सर्रास वापरलं जातं, म्हणून मुद्दाम सांगावं लागतं. ते सूक्ष्मनलिका मोडतं, आणि गॉल्गीचा पट्टा सेंट्रोसोमपाशी टिकून असतो तो सूक्ष्मनलिकांच्याच जोरावर. नोकोडाझोल दिलं की विभाजनात नसलेल्या पेशीतसुद्धा गॉल्गीच्या छोट्या छोट्या चळती पेशीभर पसरतात. म्हणजे जे मोजायचं आहे तेच औषधानं आधी करून ठेवलेलं असतं.

फिक्स करणं: सगळ्यात जास्त प्रयोग इथं बिघडतात

पॅराफॉर्माल्डिहाइड ताजं करा. ८ ग्रॅम पूड ८० मिलिलिटर पीबीएसमध्ये, फ्यूम हूडखाली, ६० अंशांवर ढवळत ठेवा. एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत जा, द्रावण निवळशंख होईपर्यंत. थंड करून पीएच ७.४ ला आणा, १०० मिलिलिटर करा, गाळा. हे ८ टक्के झालं. छोट्या नळ्यांत भरून उणे २० अंशांत ठेवा आणि एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. पुडीची बाटली पावसाळ्यात सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा, ओलावा धरला की तिचे गोळे होतात.

आता पेशींवरचं मीडियम काढून टाकू नका. विहिरीत ५०० मायक्रोलिटर मीडियम असेल तर त्यातच ३७ अंशांवर गरम केलेलं ८ टक्क्यांचं ५०० मायक्रोलिटर, विहिरीच्या कडेनं, हळू सोडा. मिळून ४ टक्के होतं. १५ मिनिटं. गोल पेशींना धक्का न देता फिक्स करायचा याहून सोपा मार्ग नाही. गरम का, तर थंड द्रव पडताच सूक्ष्मनलिका विरघळायला लागतात आणि त्यांच्यावर टेकलेलं गॉल्गी जागचं हलतं. बर्फावर ठेवलेलं पीबीएस वापरून मग पट्टा विस्कळीत का दिसतो याचं कोडं घालणारे पुष्कळ असतात.

उणे २० अंशांच्या मेथेनॉलनं जीएम१३० छान उजळतं हे खरं. पण मेथेनॉल मेद काढून नेतं आणि पीटिकांचे पडदे टिकत नाहीत. ठळक ठिपके राहतात, धूसर भाग फिका पडतो. धुकं मोजायचं असेल तर पॅराफॉर्माल्डिहाइडच.

यापुढे क्रम असा: पीबीएसनं तीनदा धुवा. ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइडमध्ये, म्हणजे १०० मिलिलिटर पीबीएसला ०.२६७ ग्रॅम, १० मिनिटं ठेवा. उरलेले अल्डिहाइड गट निष्प्रभ झाले नाहीत तर मागची पार्श्वभूमी उजळते आणि खरं धुकं कुठलं ते कळत नाही. मग ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्ये ५ मिनिटं. ३ टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ४५ मिनिटं. बाटलीवर खोलीचं तापमान लिहिलेलं असतं ते २२ ते २५ अंश. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत ३२-३३ अंश असतात आणि थेंब काचेवर सुकतात. पॅराफिल्मवर थेंब, त्यावर काच उलटी, आणि बाजूला ओल्या टिश्यूचा बोळा ठेवून डबा बंद, अशी व्यवस्था बाराही महिने ठेवा.

पहिल्या अँटीबॉडी दोन घ्या: उंदरातली जीएम१३० ची आणि सशातली हिस्टोन एच३ च्या १० व्या सेरीनवरच्या फॉस्फेटची. प्रमाण बाटलीनुसार बदलतं. २००, ५०० आणि १००० पटींनी पातळ करून एकदा पाहून घ्या. तासभर ठेवा, तीनदा धुवा. दुसऱ्या अँटीबॉडी अंधारात ४५ मिनिटं. डॅपी १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ५ मिनिटं. जीएम१३० हे आधाराच्या चौकटीतलं प्रथिन आहे आणि विभाजनात त्याचा बराच भाग ठिपक्यांत राहतो. विकरं त्याच्या मानानं जास्त पसरतात. म्हणून काचांचा दुसरा संच मॅनोसिडेज-२ किंवा गॅलॅक्टोसिल ट्रान्सफरेज यांपैकी एका विकरासाठी लावा. नुसत्या जीएम१३० वरून संपूर्ण गॉल्गीबद्दल बोलू नये.

एक काच फक्त दुसऱ्या अँटीबॉडीची ठेवा. विभागणारी गोल पेशी जाड असल्यानं तिच्यात पार्श्वभूमीही दाट दिसते, आणि ही काच नसेल तर तुमचं धुकं खरं आहे हे पटवून देता येत नाही.

माउंटिंगचा द्रव घट्ट व्हायला पूर्ण २४ तास द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. नेलपॉलिशनं कडा बंद करा. कलिन्याहून पवईला किंवा खारघरला स्लाइड न्यायच्या तर डबा आडवाच धरा. ओल्या माउंटच्या स्लाइड गर्दीच्या डब्यात उभ्या राहिल्या की कव्हरस्लिप सरकते आणि पेशी चिरडतात.

मायक्रोस्कोपखाली

गॉल्गीचा चॅनेल बंद ठेवा. आधी फक्त डॅपी आणि हिस्टोन एच३ पाहून पेशीची अवस्था ठरवा, वहीत लिहा, आणि मगच गॉल्गी पाहा. उलट क्रमानं पाहिलं की डोळा गॉल्गीच्या चित्रावरून अवस्था ठरवायला लागतो आणि निष्कर्ष स्वतःलाच सिद्ध करत बसतो.

६३एक्स, १.४ एनएची (न्यूमरिकल अपर्चरची) ऑइल लेन्स. पिनहोल एक एअरी युनिट. झेडमध्ये दर ०.३ मायक्रॉनला एक काप. मध्यावस्थेतली पेशी १५ ते २० मायक्रॉन उंच असते, म्हणजे एका पेशीला ५० ते ६५ काप. सपाट पेशीच्या सवयीनं आठ-दहा काप घेतले तर निम्मं गॉल्गी चित्राबाहेर राहतं आणि नाहीसं झालं असं वाटतं. लेझर आणि गेन एकदा ठरवा, मध्यावस्थेतलं धुकं दिसेल आणि न विभागणाऱ्या पेशीतला पट्टा पांढराफटक होणार नाही असा मधला बिंदू शोधा, आणि मग सगळ्या काचांसाठी तोच ठेवा.

पूर्वावस्थेत गुणसूत्रं दोरखंडासारखी दाटलेली, केंद्रकाची कड मात्र अजून रेखीव. गॉल्गी केंद्रकाभोवती कंकणासारखं पसरतं आणि त्याचे लांबट तुकडे व गाठी होतात. कधी एकाच केंद्रकाच्या दोन बाजूंना दोन पुंजके दिसतात: सेंट्रोसोम दुरावू लागलेले असतात आणि तुकडे त्यांच्यामागे जातात.

केंद्रकावरण फुटलं की कंकणाचा आधारच जातो. गाठी लहान होत पेशीभर पसरतात, आणि त्यांच्या मधली जागा आधी काळी असते ती राखाडी होऊ लागते. हा राखाडीपणा म्हणजेच धुकं; ते पीटिकांचं की आंतर्द्रव्यजालिकेतलं, हे यावरून ठरत नाही. मध्यावस्थेत तो सगळ्यात जास्त असतो: पेशीद्रव्यभर मंद उजेड, गुणसूत्रांच्या पट्टीच्या जागी आणि स्पिंडलच्या (गुणसूत्रं ओढणाऱ्या सूक्ष्मनलिकांच्या चातीच्या) पोटात काळोख, आणि वर विखुरलेले ठळक ठिपके, त्यांतले बरेचसे ध्रुवांच्या आसपास. यातले काही ठिपके जीएम१३० चे असतात पण विकराचे नसतात. दोन्ही संच शेजारी ठेवून पाहिले की हे चटकन लक्षात येतं.

जीएम१३० या काळात नुसतं पडून नसतं. ते इम्पोर्टिन-आल्फा या प्रथिनाला धरून ठेवतं, त्यामुळे टीपीएक्स२ हे दुसरं प्रथिन मोकळं होतं आणि स्पिंडलच्या सूक्ष्मनलिका उभारायला लागतं. आणि गॉल्गीच्या पोकळीत घट्ट पॉलिमर बनवून ते मुद्दाम विरूच दिलं नाही, तर दुध्रुवी स्पिंडल नीट बनत नाही आणि विभाजन अडतं. गॉल्गीचं विरणं ही केवळ वाटणीची सोय नाही, विभाजनाच्या कामाचाच तो भाग आहे.

अंत्यावस्थेत घाई करू नका, इथं पाहण्यासारखं खूप आहे. धुकं ओसरतं आणि ठिपके मोठे होऊ लागतात. प्रत्येक कन्यापेशीत बहुधा दोन पुंजके जमतात: एक सेंट्रोसोमजवळ, दुसरा केंद्रकाच्या पलीकडे, दोन पेशींना जोडणाऱ्या पुलाच्या बाजूला. परिकल विभाजन (पेशीद्रव्याची वाटणी) पुरं होता होता दुसरा पुंजका सरकत येऊन पहिल्याला मिळतो. ट्युब्युलिनचा (सूक्ष्मनलिकांच्या प्रथिनाचा) तिसरा रंग लावला असेल तर पूल ठळक दिसतो आणि या दोन पुंजक्यांची जागा अचूक सांगता येते. फक्त डॅपी असेल तर अशा जोडपेशी शेजारच्या दोन स्वतंत्र पेशी समजल्या जातात आणि दोन पुंजक्यांचं गॉल्गी तुटलेलं म्हणून नोंदवलं जातं.

मोजणी

फिजी या चित्रविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापांची बेरीज करणारं प्रोजेक्शन घ्या. मॅक्झिममवाल्या (प्रत्येक ठिकाणचा फक्त सर्वांत उजळ काप घेणाऱ्या) प्रोजेक्शनमध्ये धुकं आणि ठिपके यांचं प्रमाण बिघडतं. ते चित्र फक्त दाखवायला. पेशीची कड हातानं आखा, पार्श्वभूमी वजा करा, ओत्सू या पद्धतीनं थ्रेशोल्ड (तुकडा मानायची उजेडाची सीमा) लावा, आणि ०.१ चौरस मायक्रॉनहून मोठे तुकडे मोजा. दोन आकडे काढा: तुकड्यांची संख्या, आणि एकूण उजेडापैकी किती टक्के उजेड तुकड्यांच्या बाहेर आहे. दुसरा आकडा जास्त बोलका आहे. तुकडे आधी वाढतात आणि मग विरून कमी होतात, त्यामुळे नुसती संख्या पूर्वावस्था आणि मध्यावस्था यांत फसवते; बाहेरच्या उजेडाचा टक्का मात्र मध्यावस्थेपर्यंत चढत जातो.

एका अवस्थेच्या ३० ते ५० पेशी, आणि असे तीन स्वतंत्र प्रयोग. एकाच दिवशीच्या तीन काचा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. फाइलींची नावं दुसऱ्या कुणाकडून बदलून घ्या आणि मोजणी झाल्यावरच उघडा.

जी२ मधली तूट पकडायला फ्रॅप

गॅलॅक्टोसिल ट्रान्सफरेजला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं प्रथिन बनवणाऱ्या पेशी लागतात. थायमिडीनमधून सोडल्यावर ३ तासांनी काही पेशी आणि ७-८ तासांनी काही पेशी घ्या. गॉल्गीच्या पट्ट्याचा अर्धा भाग लेझरनं विझवा आणि पुढची पाच मिनिटं दर १० सेकंदांना चित्र घ्या. एस टप्प्यात नळ्या शाबूत असल्यानं उजळ बाजूची विकरं विझलेल्या बाजूला पोचतात आणि ती पुन्हा उजळते. जी२ मध्ये ती बरीचशी काळीच राहते. मेक अडवणारं यू०१२६ (१० मायक्रोमोलर) दिलं तर विभाजनात शिरायला उशीर होतो. त्याच पेशींवर फ्रॅप केलं की तूट लांबली म्हणून उशीर झाला का, हे तपासता येतं. लेझर जास्त पडला तर पेशी स्वतःच रेंगाळते, म्हणून विझवलेल्या पेशींशेजारच्या न विझवलेल्या पेशींचीही विभाजनाची वेळ नोंदवा.

फसवी चित्रं

मरू लागलेल्या पेशीत कास्पेज ही विकरं ग्रास्प६५ आणि गॉल्जिन-१६० ही प्रथिनं कापतात, गॉल्गीचे तुकडे होतात, आणि पेशीही गोल होते. केंद्रकाचे गुळगुळीत, अतिउजळ गोळे झालेले असतील आणि हिस्टोन एच३ चा फॉस्फेट नसेल तर ती पेशी बाद.

सगळ्याच पेशींत, सपाट पेशींतसुद्धा, तुकडे दिसत असतील तर थंड पीबीएस, जास्त झालेला डीएमएसओ आणि मायकोप्लाझ्मा या क्रमानं तपासा.

तुलनेसाठी दोन काचा मुद्दाम बनवा. एकीला ब्रेफेल्डिन-ए, ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३० मिनिटं: विकरं आंतर्द्रव्यजालिकेत जातात, पण केंद्रक पूर्ण शांत. दुसरीला नोकोडाझोल दोन-तीन तास: सुट्या छोट्या चळती, मधल्या जागेत जवळपास धुकं नाही. या दोन काचा आणि मध्यावस्थेतल्या पेशी एकाच सेटिंगवर घेतल्या की फरक आकड्यांतही दिसतो. नोकोडाझोलमध्ये तुकडे भरपूर पण बाहेरच्या उजेडाचा टक्का कमी. ब्रेफेल्डिनमध्ये विकराचा टक्का जास्त, जीएम१३० मात्र ठिपक्यांत. मध्यावस्थेत दोन्ही आकडे चढे आणि शिवाय हिस्टोन एच३ चा फॉस्फेट. ज्या पेशीत हे दोन आकडे जुळतात पण हिस्टोनचा फॉस्फेट नाही, तिला मोजणीतून वगळा, चित्र कितीही सुंदर आलेलं असो.